समासातले ठिपके

एकोणीसशे त्र्याण्णव साल उजाडलं त्या सकाळी जिलानी गुरुजींनी शाळेत पाढे घेतले नाहीत. टेबलावर त्रेचाळीस वह्या मांडून ते मुलांची वाट बघत उभे होते. सगळ्या वह्या एका मापाच्या, निळ्या कापडाच्या पाठीच्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेल्या. गुरुजींचे वडील नांदेडला इतवाऱ्यात जिल्दसाज होते. कचेरीची रजिस्टरं, कुराणाच्या प्रती, पोथ्या, जे फाटकं येईल ते बांधून द्यायचे. दाभण, दोरा आणि मोरचूद घातलेली खळ यांच्या वासातच गुरुजी लहानाचे मोठे झाले. मास्तरकी लागून लातूर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाच्या या गावात त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हात विसरला नव्हता. दिवाळीच्या सुटीत भावाच्या दुकानात बसून त्यांनी या वह्या पुऱ्या केल्या होत्या.

“ही वही अभ्यासाची नाही,” मुलं बसल्यावर ते म्हणाले. “ही तुमच्या वाचनाची. आज वर्षाचा पहिला दिवस. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या. या वर्षात मी किती पुस्तकं वाचणार, कधी वाचणार आणि कुठं बसून वाचणार. शेजाऱ्याचा आकडा बघून आपला आकडा लिहायचा नाही. ज्याचा त्याचा संकल्प.”

“गुर्जी, म्या एक लिहू का?” मागून भुजंगनं विचारलं. हा म्हाताऱ्या केरबाचा नातू. वर्गात त्याचं तोंड सगळ्यात आधी उघडायचं.

“एकच?”

“एकच. ते बी बारीक बघून द्या.”

वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले. “लिही एक. ते झालं की खोडून दोन करू.”

तिसऱ्या रांगेतली सुकन्या मात्र पेन्सिल दातात धरून कपाटाजवळच्या पत्र्याच्या पेटीकडं बघत होती. सरकारी योजनेतून आलेली पुस्तकं त्या पेटीत असत. ही बालाजीची एकुलती लेक, चौथीतली. तिनं पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, चौसष्ट.

“चौसष्ट कसे गं?”

“पेटीत तेवढीच हायती, गुर्जी. म्या मोजली.”

“वर्षात आठवडे किती?”

“बावन्न.”

“मग?”

तिनं बोटांवर काहीतरी केलं. “मंग काई आठवड्याला दोन वाचीन.”

गुरुजींना त्या दिवशी फार बरं वाटलं. या गावात मुलं शाळेत येत, पाटीवर काढत, घरी गेली की विसरत. पुस्तक घरात शिरलं पाहिजे, आईबापाच्या कानावर पडलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. म्हणून तर ‘कुठं बसून’ हा तिसरा प्रश्न. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस मुलांनी त्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, घरात, चिमणीच्या उजेडात.

दहा दिवसांनी गुरुजींनी वह्या मागवल्या, तर त्या कोऱ्या.

“काय रे हे?”

“गुर्जी, वाऱ्यानं चिमणी इझती,” भुजंग म्हणाला.

“घरात कुठला वारा?”

“घरात कोन निजतंय? आमी खळ्यावर निजताव. समदं गाव बाहीरच हाय की.”

ते खरं होतं. मागच्या पावसाळ्याच्या शेवटापासून गावाखालची जमीन गुडगुडत होती. रिकाम्या रांजणावर कुणी आतून थापा माराव्यात तसा आवाज यायचा आणि मग पायाखालून एक थरथर निघून जायची. कधी दिवसातून एकदा, कधी आठवडाभर काहीच नाही. गावातली घरं दगड-मातीची, दोन-अडीच हात रुंदीच्या भिंतींची. वर सागवानी खांबांवर मातीचं माळवद, आणि दरसाल त्यावर नव्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा असायचा म्हणून लोकांना या घरांचा अभिमान. पण दिवाळीपासून त्याच घरात कुणी पाठ टेकत नव्हतं. माणसं अंगणात, खळ्यावर, शेतात, मिळेल तिथं वाकळा पसरून थंडीत काकडत होती. गुरुजी शाळेलगतच्या खोलीत राहायचे. तिच्यावर पत्रे होते. त्यांना बाहेर झोपायची वेळ कधी आली नाही, म्हणून मुलांच्या चिमणीचा विचार त्यांच्या डोक्यात आला नव्हता.

त्या संध्याकाळी गुरुजी सातवीचं भूगोलाचं पुस्तक काखेत मारून मारुतीच्या पारावर गेले. माणसं शेकोटीला बसलेली. गुरुजी मुसलमान, पण पारावर त्यांना जागा करून देत, आणि कागदाचं काही असलं की त्यांचाच शब्द शेवटचा.

“तुमची लेकरं वाचायचं म्हणून बसली होती,” ते म्हणाले. “तुम्ही त्यांना थंडीत घेऊन झोपताय. कशाला? हे बघा, इथं छापलंय. आपली दख्खनची जमीन म्हणजे अखंड काळा खडक. लाखो वर्षांचा. हिमालयाकडची जमीन हलते, ती कोवळी आहे. आपली नाही हलत.”

“मंग ही गुडगुड कशाची वो, गुर्जी?” बालाजीनं विचारलं. सुकन्याचा बाप. उंचापुरा, कमी बोलणारा.

गुरुजींनी पान उलटून बघितलं. पुस्तकात ते नव्हतं. “पाऊस मुरला की खालच्या पोकळीत पाणी शिरतं. हवा बाहेर पडते. हांडा नाही का वाजत पाणी भरताना?”

हे त्यांच्या मनचं होतं. पण तेही त्यांनी पुस्तक हातात धरूनच सांगितलं.

केरबानं शेकोटीत काटकी सारली. “पुस्तकात हाय म्हनता?”

“छापलंय.”

“मंग बरं झालं. माझं तर गुडघं गेलं गारठ्यानं.”

थंडीनं अर्धं काम आधीच केलं होतं, उरलेलं गुरुजींच्या शब्दानं झालं. महिनाअखेरपर्यंत एकेक घर आत गेलं. गुरुजी मुद्दाम दिवेलागणीला गावातून चक्कर मारू लागले. दारं लावलेली, फटीतून चिमणीचा पिवळा उजेड आणि आतून मुलांचं मोठ्यानं वाचणं. भिंती इतक्या जाड की ते आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे वाटत. गुरुजी त्या बोळातून ऐकत उभे राहत. आयुष्यात एवढं समाधान त्यांना दुसऱ्या कशानं दिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी वह्या तपासायला घेतल्या. भुजंगनं एक खोडून तीन केले होते. सुकन्याची अकरा पुस्तकं झाली होती. प्रत्येकाचं नाव, पानं, काय आवडलं, सगळं नीट. पण समासात पेन्सिलीचे ठिपके होते. एका ओळीशेजारी एक, मग पाच ओळी सोडून दोन, मग पान उलटल्यावर एक.

“हे काय चिताडलंस?”

“अक्षर हाललं की ठिपका देते, गुर्जी.”

“अक्षर कसं हलेल?”

“वाचू वाचू करते आन् ओळ अशी करती.” तिनं तळहात आडवा धरून थरथरवला. “मंग जिथं हालली तिथं ठिपका.”

“चिमणी फडफडते बाळ. ज्योत हलली की सावली हलते.”

“चिमणीला काच हाय.”

मुलं बघत होती. गुरुजींना वाटलं, हिच्या तोंडून हे गावात गेलं तर पुन्हा सगळे बाहेर. पुन्हा वह्या कोऱ्या. त्यांनी लाल पेन काढला आणि पानाखाली लिहिलं, ‘समासात ठिपके देऊ नयेत. वाचन उत्तम. स्वच्छता दहापैकी सहा.’

सुकन्यानं ते वाचलं. पहिला नंबर सोडायची तिला सवय नव्हती. तिनं खोडरबर घेऊन एकेक ठिपका पुसला. पुढच्या महिन्यात वही बघितली तर समास धुतल्या पाटीसारखा स्वच्छ. गुरुजींनी दहापैकी दहा दिले.

“बघ, थांबलं की नाही हलायचं?”

“हाव, गुर्जी,” ती म्हणाली. वर बघितलं नाही.

उन्हाळा गेला. जून आला, सुकन्या पाचवीत गेली, वही तीच राहिली. गावात आता गुडगुडीबद्दल कुणी बोलत नव्हतं. लग्नं झाली, पेरण्या झाल्या. तरी काही गोष्टी गुरुजींच्या डोळ्यांपुढून जात होत्या आणि ते त्यांना नावं देत होते. टेबलावरचा खडू आपोआप घरंगळून खाली पडायचा. त्यांनी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. बालाजीच्या घरावरून जाताना सुकन्याची आई साखराबाई भिंतीतली एक भेग पांढऱ्या मातीनं लिंपताना दिसायची. पोळ्याच्या आधी दिसली. पोळ्याच्या नंतर दिसली. भेग तीच.

“माती चांगली मिळाली नाही का?” गुरुजींनी विचारलं.

“माती चांगलीच हाय वो,” साखराबाई हात धूत म्हणाली. “भितच धरू देईना.”

गणपतीत, सोमवारी संध्याकाळी सुकन्या वही घेऊन आली. सत्तेचाळीस पुस्तकं झाली होती, पानं संपली होती आणि पाठीची शिवण सुटली होती. “गुर्जी, हिला पानं जोडून देता का? अजून सतरा ऱ्हायलीत.”

“उद्या नांदेडला चाललोय. बुधवारी संध्याकाळपर्यंत येतो जोडून.”

“बुधवारी गणपती बुडवायचाय.”

“मग मिरवणुकीच्या आधी येतो.”

ती उंबऱ्यात घोटाळली. “गुर्जी, पुट्ठा बदलनार न्हाई ना?”

“का?”

“न्हाई. हाच ऱ्हाऊ द्या.”

बुधवारी सकाळी इतवाऱ्यातल्या दुकानात गुरुजी मांडी घालून बसले. धाकटा भाऊ मुज्तबा शेजारी रजिस्टरांना पुठ्ठे चढवत होता. आतल्या ओसरीत त्यांची आई अमीरबी तांदूळ निवडत होती. गुरुजींनी वहीची पाठ मोकळी केली आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतला अस्तराचा कागद बोटानं चाचपला. कागद फुगलेला होता. कडेनं झुरळानं खाल्ला होता.

“तुझी खळ वाटतं ही?” मुज्तबा वाकून म्हणाला. “अब्बा असते तर कान पिरगाळला असता.”

गुरुजींनी वास घेतला. ही त्यांची खळ नव्हती. त्यांच्या खळीत मोरचूद असतो, झुरळ तिला शिवत नाही. ही भाताच्या शिताची होती. कुणीतरी अस्तर सोडवून पुन्हा चिकटवलं होतं, एकदा नव्हे, पुष्कळदा. त्यांनी फडकं ओलं करून कागदाची कड भिजवली आणि अलगद उचलली.

आत चार घड्या घातलेले पातळ कागद होते. कागदांवर तारखा, आणि तारखांपुढं ठिपके.

वरती सुकन्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘गुर्जींना दिसू नये म्हणून हितं. ठिपका म्हणजे थोडं. फुली म्हणजे चिमणीची काच वाजली.’

मार्चमध्ये नऊ ठिपके. एप्रिल-मेमध्ये तुरळक. जूनमध्ये एक फुली. ऑगस्टपासून ठिपके दाट होत गेले होते, आणि सप्टेंबरचा कागद बघताना गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आधी एका तारखेपुढं दोन, मग तीन, मग फुल्या. शेवटच्या पाच दिवसांत ठिपका नव्हताच. सगळ्या फुल्या. सोमवारपुढं सात. त्याखाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, एक ओळ होती.

‘गुर्जी म्हणतात जमीन हालत न्हाई. मंग मीच हालत आसंन.’

“क्या हुआ रे?” अमीरबीनं आतून विचारलं. मुलाचा चेहरा तिला तिथून दिसत होता.

गुरुजी उठले होते. पायाला लागून खळीचं भांडं कलंडलं, ते त्यांना कळलं नाही. “अम्मी, मी निघतो.”

“जेवून जा. डाळ झाली.”

“नको. गाडी निघून जाईल.”

“त्योहार का दिन है, रस्त्यात मिरवणुका असतील. उद्या सकाळी जा की.”

“आजच जायला पाहिजे,” गुरुजी म्हणाले. का, ते त्यांना सांगता येईना. पाच दिवसांच्या फुल्या म्हणजे काय, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एवढंच दिसत होतं की एका दहा वर्षांच्या पोरीनं नऊ महिने रोज लिहून ठेवलं, आणि ज्याला कळायला हवं होतं त्यानं ते खोडायला लावलं.

दुपारची एसटी मिळाली. अमीरबी म्हणाली होती तसंच झालं. प्रत्येक गावात वेशीपाशी गाडी थांबायची. गुलालानं माखलेली पोरं, लेझीम, ट्रॅक्टरवर गणपती. कंडक्टर दारात उभा राहून “मोरया” ओरडत होता, प्रवासी हसत होते. गुरुजी मांडीवर ती सुटी वही धरून बसले होते. त्यांना वाटत होतं, या सगळ्या गर्दीत आपल्या एकट्यालाच खालचं ऐकू येतंय. खरं तर त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं. ढोल फार होते.

चाकूरला गाडी पोचली तेव्हा दिवे लागले होते. पुढं रस्ता बंद, गाडी सकाळी निघेल, असं कंट्रोलरनं सांगितलं. गुरुजी स्टँडबाहेरच्या टेलिफोन बूथमध्ये शिरले. गावात एकच फोन होता, नरसिंग दुकानदाराचा. पाचव्यांदा लागला.

“हॅलो! कोन? मोठ्यानं बोला!” नरसिंगमागं हलगी कडाडत होती.

“मी जिलानी गुरुजी. चाकूरहून.”

“गुर्जी! अवो कुठं हाव तुमी? काय मिरवनूक हाय! तुमचा भुजंग नाचू नाचू पडला की हितं.”

“नरसिंगशेठ, ऐका. आज सगळ्यांना बाहेर झोपायला सांगा. घरात कुणी झोपू नका.”

“का वो?”

“जमीन हलतेय. रोज हलतेय. माझ्यापुढं लिहिलेलं आहे.”

पलीकडं नरसिंग हसला. कुचेष्टेनं नव्हे, आपल्या माणसाची गंमत वाटल्यासारखा. “गुर्जी, तुमीच तर पारावर हुभं ऱ्हाऊन सांगितलाव. काळा खडक हाय म्हनलाव. पुस्तक दाखवलाव.”

“मी चुकलो.”

“आँ? ऐकू येईना.”

“चुकलो म्हणालो! मी चुकीचं सांगितलं!”

“बरं, बरं. लोकं दमून गेलीत, बाहीर भुरभुर बी हाय. तरी सांगतो की. बालाजीचं घर माझ्या वाटंवर हाय, त्याच्या कानावर घालतो. तेवढं...”

आणि फोन कट झाला. गुरुजींनी नंतर तीनदा लावला. घंटी वाजत राहिली. नरसिंग दुकान बंद करून मिरवणुकीत गेला होता.

पहाटे चार वाजायच्या सुमारास चाकूरच्या स्टँडवरचं बाकडं गुरुजींच्या अंगाखाली हललं. मोठ्या फुलीसारखं.

उजाडल्यावर कुठल्या गाडीनं, किती चालत, ते गावापाशी पोचले हे त्यांना पुढंही कधी नीट आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की वळणावरूनच त्यांना शाळेचे पत्रे दिसले. सहा वर्षांत त्या वळणावरून शाळा कधीच दिसली नव्हती. मधे गाव असायचं.

ढिगाऱ्यांमधून माणसं हातानं दगड उचलत होती. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. धूळ अजून खाली बसली नव्हती. गुरुजी एकेका बोळातून गेले. बोळ राहिले नव्हते, पण पाय ओळखीच्या वळणावर वळत होते. याच ठिकाणी ते संध्याकाळी आवाज ऐकायला उभे राहायचे.

बालाजीच्या अंगणातल्या लिंबाखाली साखराबाई बसली होती. तिच्याजवळ सुकन्या, वाकळ पांघरून.

नरसिंगनं शब्द पाळला होता. वाटेवरच्या एका घरी सांगितलं होतं. बालाजी हसला आणि मिरवणुकीला गेला. साखराबाई म्हणाली, गुर्जींचा सांगावा हाय, आणि पोरीला घेऊन भुरभुरीत लिंबाखाली निजली. उशिरा बालाजी आला. दमलेला होता. नेहमीच्या जागी, आत, भिंतीकडेला पडला. नरसिंग आपल्या घरी जाऊन झोपला. बाकी कुणाला सांगायचं राहून गेलं.

गुरुजी पोरीपुढं उकिडवे बसले. सुकन्यानं त्यांच्या हातातली सुटी वही बघितली. अस्तर उघडं होतं, तेही बघितलं.

“गुर्जी,” ती म्हणाली, “रात्रीचं लिहायचं ऱ्हायलं. वही तुमच्याकडं हुती.”

तिसऱ्या दिवशी केरबा शाळेपाशी आला. त्याच्या हातात निळ्या पाठीची वही होती, मातीनं भरलेली. भुजंगची. पहिल्या पानावर एक खोडून तीन, तीन खोडून पाच, पाच खोडून नऊ केले होते. केरबानं ती टेबलावर ठेवली, तळहातानं धूळ पुसली. “हे तुमचं,” म्हणाला, “घ्या.” आणखी काही बोलला नाही. बोलला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

त्यानंतर वीस वर्षांनीची गोष्ट. गुरुजी निवृत्त झाले होते आणि नांदेडला न जाता लातूरला राहिले होते. साखराबाई लेकीला घेऊन माहेरी मुखेडकडं गेली होती. सुकन्या तिथंच शिकून शिक्षिका झाली, आणि दर एक जानेवारीला तिचं पोस्टकार्ड यायचं. त्यावर ती शाळेतल्या मुलांचे आकडे कळवायची, स्वतःचा कधी नाही.

लातूर आता ओळखू येत नव्हतं. जिथं तिथं क्लासचे फलक, फलकांवर पोरांचे फोटो आणि टक्के. चार-चार मजली वसतिगृहं, खिडक्यांना जाळ्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप पोरांना आणून सोडत. गुरुजींनी त्या गल्लीत एका जिन्याखाली जिल्दसाजीचं दुकान टाकलं होतं. डिसेंबर संपता संपता पोरं त्यांच्याकडं वह्या बांधून घ्यायला गर्दी करत. पहिल्या पानावर संकल्प असायचाच. रोज चौदा तास. रोज सोळा तास. पुस्तक तीनदा पुरं.

“कुठं बसून वाचता?” गुरुजी प्रत्येकाला विचारत. “वर छत कशाचं आहे?”

“स्लॅबचं की, चचा,” पोरं हसत. “पत्रा कुठं ऱ्हायलाय आता?”

म्हाताऱ्याला खूळ आहे, असं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. वही हातात आली की ते अक्षर बघत नसत. समास बघत. वर्षानुवर्षं समासात काही सापडलं नव्हतं. सूत्रं, बाण, कुणाचं तरी नाव.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मनतशाची वही आली. इस्लापूरची पोरगी, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. बोलकी. मागच्या वर्षी तासन् तास दुकानात बसून खळ ढवळायला मागायची; तेव्हाच तिनं गुरुजींच्या तोंडून सुकन्याच्या ठिपक्यांची गोष्ट ऐकली होती. या वेळी वही तिची मैत्रीण देऊन गेली होती. “तिला यायला सवड न्हाई,” म्हणाली. “रोज सतरा तास करून राहिली ती.”

गुरुजींनी दुपारच्या उन्हात वही उघडली. अक्षर सुरेख होतं. समास स्वच्छ होता. फार स्वच्छ. त्यांनी पान तिरपं धरलं. खोडरबरानं पुसलेल्या खुणा कागदावर खळगे ठेवून जातात, जिल्दसाजाच्या बोटाला ते लागतात. त्यांनी डोळे मिटून समासावरून बोट फिरवलं. नोव्हेंबरमध्ये एक ठिपका. डिसेंबरमध्ये ठिकठिकाणी. शेवटच्या पाच पानांवर बोट उचलायला जागा नव्हती.

दुकानात फोन होता. क्लासच्या ऑफिसचा नंबर फलकावर भल्या मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता. मैत्रीण अजून समोरच्या टपरीवर चहा पीत होती, तिच्यापाशी निरोप देता आला असता. गुरुजींचा हात फोनकडं गेला आणि तिथंच थांबला.

मग त्यांनी चपला घातल्या. दुकान उघडंच टाकलं. वही काखेत घेऊन ते समोरच्या वसतिगृहाचा जिना चढू लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत श्वास फुलला होता. वसतिगृहाची बाई आडवी आली. “चचा, आता अभ्यासाची वेळ हाय, भेटता येनार न्हाई.”

“भेटायचंच आहे.”

“निरोप असंल तर द्या, मी सांगते की तिला.”

“निरोप नाही द्यायचा,” गुरुजी म्हणाले आणि तिच्या बाजूनं पुढं झाले.

दार लोटलेलं होतं. मनतशा खिडकीकडं तोंड करून बसली होती, पुढ्यात पुस्तक उघडं. पान उलटत नव्हतं. तिनं मान वळवली, त्यांच्या काखेतली वही बघितली आणि चटकन उठली.

“चचा, मी पुसलं होतं ते. घाण दिसत होतं म्हणून.”

“बस, बाळ.” गुरुजी दारातच जमिनीवर बसले. त्यांनी वही उघडून तिच्याकडं सरकवली. जवळची पेन्सिल उचलून तिच्या हातात दिली.

“पुसलेले सगळे परत काढ,” ते म्हणाले. “एकेक. आणि काढताना मला सांग, त्या वेळी काय हललं.”

पोरगी पेन्सिल धरून उभी राहिली. खाली गल्लीत पाच वाजताच्या बॅचची पोरं जिने चढत होती, शेकडो पावलं, आणि त्या पावलांनी भिंत बारीक थरथरत होती. गुरुजींनी भिंतीला हात लावला. काढला नाही. पोरगी खाली बसेपर्यंत तो तसाच होता.